खर्जातली पत्रं: बेस गिटारवाल्यांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळची पत्रं बघितली तर निम्म्याहून जास्त लोकांना काहीतरी विकत घ्यायचंय. नवीन बेस, नवीन ॲम्प, पेडल, पाचवी तार. घ्या की, पैसे तुमचे आहेत, पण मी बऱ्याच ठिकाणी आधी ॲलन की फिरवा, फडकं मारा नाहीतर हाताची बोटं नीट ठेवा असंच सांगितलंय, तेव्हा दुकानदार मंडळींनी रागवू नये. पत्रं लांबलचक होती ती कापलीयेत.

माझी मुलगी 13 वर्षांची आहे. शाळेच्या बँडमध्ये तिला बेस वाजवायचाय. उंची कमी, बोटं लहान. दुकानात म्हणाले घेताच आहात तर पाच तारांचाच घ्या, पुढे उपयोगी पडेल. काय करू? (एक आई, सांगली)

ताई, चारच तारांचा घ्या. पाचवी तार म्हणजे खालचा बी, साधारण 31 हर्ट्झचा सूर, तो शाळेच्या हॉलमधल्या स्पीकरमधून धड बाहेरसुद्धा येत नाही, नुसती घरघर होते. शिवाय नेक (बेसची लांब मान) रुंद होते, वजन वाढतं आणि न वाजणारी एक जादा तार सतत गप्प बसवत राहावी लागते, जे नवीन माणसाला सगळ्यात अवघड जातं. चार तारांवर ई, ए, डी, जी एवढं हाताखाली आलं की पाचवी कधीही शिकता येते.

तिच्यासाठी खरं बघायची गोष्ट म्हणजे स्केल, म्हणजे नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा अडकतात तो धातूचा भाग) वाजणाऱ्या तारेची लांबी. नेहमीचा बेस 34 इंची असतो, लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस आणला तेव्हापासून हेच माप रुळलंय. त्यावर पहिल्या फ्रेटपासून (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) चौथ्या फ्रेटपर्यंत साधारण 13 सेंटिमीटर अंतर पडतं, मोठ्या माणसाच्या हातालाही ते ताणतं. 30 इंची शॉर्ट स्केल बेसवर तेच साडेअकराच्या आसपास येतं. शॉर्ट स्केल म्हणजे लहान मुलांचं खेळणं असं कोणी म्हणालं तर पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर 30 इंचीच आहे एवढं सांगा आणि पुढे चला. फक्त तारा घेताना शॉर्ट स्केलच्याच मागा.

दुकानात तिला घेऊन जा, पट्टा लावून उभी करा आणि हात सोडायला सांगा. हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) धाडकन खाली गेला तर तो बेस नको, कारण मग ती कायम डाव्या हाताने नेक धरून ठेवणार आणि वाजवायला हातच उरणार नाही. आपली मुंबईची मोहिनी डे घरी वडिलांकडे बेस शिकली आणि आज जगभर वाजवतेय, तिचे व्हिडिओ दाखवा, पण स्पीड बघून घाबरू नको म्हणावं.

जूनपासून बेस खडखडतोय. एप्रिलपर्यंत मस्त होता, कोणी हातसुद्धा लावला नाही. मित्र म्हणतो नेक गेली, नवीन बघ. (चिपळूण)

नेक गेली नाहीये, पाऊस आलाय. कोकणातल्या हवेत लाकूड ओल धरतं आणि हलतं, आणि बेसच्या नेकवर चार जाड तारांचा ताण असल्यामुळे जरा हललं तरी लगेच कळतं. नेक मुळात पूर्ण सरळ नसतेच, मुद्दाम किंचित पुढे वाकलेली ठेवतात कारण तार वाजताना मधल्या भागात जास्त फिरते आणि तिला जागा लागते. हा बाक म्हणजे रिलीफ. पावसाळ्यात तो वाढेल का कमी होईल हे त्या त्या लाकडावर आहे, म्हणून अंदाजाने ॲलन की फिरवायची नाही, आधी मोजायचं.

बेस सुरात लाव. वाजवताना धरतो तसाच धर, आडवा झोपवू नको. जाड तारेला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तार दाबून धरणारा चिमटा) लाव आणि जिथे नेक बॉडीला जोडलीये तिथल्या फ्रेटवर तीच तार दाब. आता आठव्या फ्रेटचा माथा आणि तारेची खालची बाजू यांच्यात किती फट आहे बघ. 0.3 ते 0.35 मिलिमीटर असेल तर छान. मोजायला फीलर गेज लागतो, बाइकचा मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतो तोच, ऑटो स्पेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. तोही नसेल तर एक व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघ, जेमतेम गेलं पाहिजे.

फट जास्त असेल तर ट्रसरॉड (नेकच्या आतली सळई) घट्ट करायचा, म्हणजे ॲलन की जिथे बसते तिथून बघून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. फटच नसेल, तार फ्रेटला चिकटलीच असेल, तर उलट दिशेने सैल करायचा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त अजिबात नाही, मग परत सुरात लावायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी परत मोजायचं. घट्ट करताना तारा थोड्या सैल करून घे. रॉड हलतच नसेल तर जोर लावू नको, तिथे थांब आणि सेटअप करणाऱ्याकडे ने, कारण रॉड तुटला तर मात्र मित्राचं म्हणणं खरं होईल.

खडखड कुठे होते तेही ऐक. पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर बहुतेक रिलीफ कमी पडलाय. बाराव्याच्या पुढे असेल तर रिलीफ जास्त झालाय नाहीतर ब्रिजवरची सॅडल (तारा टेकतात ते छोटे ठोकळे) फार खाली आहेत. एकाच फ्रेटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उचललाय, ते घरी करायचं काम नाही. नुसती मोकळी तारच खडखडत असेल तर नटची खाच खोल झालीये. आणि खडखड नुसती कानाला येतेय, ॲम्पमधून येतच नाहीये, तर सोडून दे.

रिलीफ बसला की मगच ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची. बाराव्या फ्रेटवर जाड तार अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तार दोनच्या आसपास, इथून सुरुवात कर आणि हाताला आवडेल तसं वरखाली कर. सगळ्यात शेवटी इंटोनेशन, बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर सारखे आले पाहिजेत, दाबलेला चढा येत असेल तर सॅडल मागे, उतरा येत असेल तर पुढे. हा क्रम उलटा केला तर दिवसभर गोल गोल फिरत राहशील.

बेस बाहेरच्या भिंतीला टांगू नको, त्या भिंतीला ओल असते. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि त्या बदलत जा. ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाली की नेक परत हलणार, तेव्हा हेच सगळं परत. वर्षातून दोनदा करायचं काम आहे, दर आठवड्याला नाही.

लग्नाच्या पार्टीत बेस वाजवता वाजवता कोरसला माइकजवळ गेलो आणि ओठाला सणकन शॉक बसला. साउंडवाला म्हणाला होतं असं, माइकला स्पंज लावून देतो. आणि हमिंग तर कायमच असतं. (वसई)

होतं असं म्हणून सोडायची गोष्ट नाहीये ही. तुमचे हात तारांवर असतात, तारा ब्रिजमधून, केबलमधून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. माइकची जाळी मिक्सरच्या अर्थिंगला जोडलेली असते. ॲम्प एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्याच, आणि दोनपैकी एका ठिकाणी अर्थिंग नाही किंवा वायरिंग उलटसुलट आहे, तर दोन्हींच्या मधे व्होल्टेज उभं राहतं आणि सर्किट पूर्ण करायला मधे तुम्ही असता. 1972 मध्ये वेल्समधल्या स्वान्सीला स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी स्टेजवर असाच माइकला हात लागून शॉकने गेला. स्पंजने ओठ वाचतील, हात लागला तर काय?

मंडपात पोचल्यावर वाजवायच्या आधी एवढं करा. साउंडवाल्याला सांगा की बँडचे ॲम्प आणि मिक्सर एकाच जागेवरून सप्लाय घेऊ देत. थ्री पिनची मोठी पिन कोणी कापलीये का, काडी खुपसून टू पिन घुसवलाय का ते स्वतः बघा, आणि असेल तर त्या बोर्डावर लावू नका. जनरेटर असेल तर अर्थिंगचा रॉड जमिनीत ठोकलाय का विचारा, फरशीवर ठेवलेला रॉड काही कामाचा नाही. मल्टिमीटर बॅगेत ठेवा, एसी व्होल्टवर लावून एक टोक बेसच्या ब्रिजला आणि दुसरं माइकच्या जाळीला. एक-दोन व्होल्ट दिसले तर ठीक, दहा-वीस किंवा त्याहून जास्त दिसले तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत वाजवायचं नाही, नवरदेवाचा मामा कितीही ओरडला तरी. बोर्डावर 30 मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच) बसवलेली असेल तर उत्तम, दर सीझनला कामं घेणाऱ्या पार्टीने ती स्वतःच्या एक्स्टेंशन बॉक्समध्येच बसवून घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, एका सुपारीच्या पैशात होऊन जातं.

हमिंगचं वेगळं. आपल्याकडची लाइट 50 हर्ट्झची, तिचीच ती गुणगुण. तारांना हात लावल्यावर हमिंग कमी होत असेल तर बेसचं वायरिंग बरोबर आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकची अर्थ वायर सुटलीये, नाहीतर त्या सॉकेटलाच अर्थिंग नाही. तुमचा जॅझ बेस असेल (फेंडरचं दोन पिकअपचं मॉडेल, पिकअप म्हणजे तारांचा कंप पकडणारं चुंबक; पत्रात दोन पिकअप लिहिलेत म्हणून म्हणतो) तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडून बघा, दोन पिकअप एकमेकांचं हमिंग मारतात, एक जरी खाली केला तरी ते परत येतं. डीआय बॉक्सवर (बेस थेट मिक्सरला जोडणारा डबा) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं ते दाबून बघायला हरकत नाही, ते फक्त सिग्नलची अर्थ सोडवतं. हमिंग घालवायला ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन काढायची नाही. कधीच नाही.

दादा, मी हडपसरला फ्लॅटमध्ये राहतो, खालच्या काकू रोज वर येतात. भावाचा गिटारचा छोटा ॲम्प आहे त्यात बेस लावला तर चालेल का? का बेसचाच ॲम्प घेऊ? (पुणे)

काकूंना ॲम्प कोणत्या कंपनीचा आहे याने फरक पडत नाही. बेसचा आवाज स्लॅबमधून खाली जातो, तुला खोलीत जेवढा वाटतो त्याहून त्यांच्या छताला जास्त. ॲम्प जमिनीवरून उचलून जाड फोमवर किंवा खुर्चीवर ठेवलास तर थोडा फरक पडेल पण खरं उत्तर हेडफोन आहे. छोटा ऑडिओ इंटरफेस (बेस कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आणि कान झाकणारे हेडफोन घे, इंटरफेसवर इन्स्ट्रुमेंट किंवा हाय-झी लिहिलेल्या इनपुटलाच बेस लाव. मोबाइलच्या स्पीकरवर स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून बेस येतच नाही म्हणून रडू नको, मोकळ्या ई तारेचा सूर 41 हर्ट्झचा, एवढासा स्पीकर तो काढूच शकत नाही.

भावाच्या ॲम्पचं विचारशील तर हळू आवाजात चालेल. गिटारची सगळ्यात खालची तार 82 हर्ट्झ, तुझी बरोबर एक सप्तक खाली, तेवढा खर्ज मोठ्याने वाजवला की त्या स्पीकरचा कोन मर्यादेबाहेर हलतो आणि फाटतो. ॲम्पचं सर्किट वाचतं, स्पीकर जातो. आवाज फुटायला लागला की समज पुढे भावाशी भांडण आहे.

हेडफोनवर बसलास की मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लाव आणि तो अर्ध्या स्पीडला ठेव, म्हणजे गाणं मिनिटाला 100 मात्रांचं असेल तर 50, आणि त्याची टिकटिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे असं धरून वाजव. सुरुवातीला घसरशील. पण मग ड्रमरबरोबर बसशील तेव्हा तुझं तुलाच कळेल.

मनगट दुखतंय. सीझनमध्ये रोज तीन-तीन तास प्रोग्रॅम असतो. बाम लावतो, पट्टा बांधतो. (नाशिक)

आधी हे सांगा, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात का, रात्री हात बधिर होतो का. होत असेल तर माझं उत्तर वाचायचं सोडून डॉक्टरकडे जा, बाम लावत बसू नका.

तसं नसेल तर पट्ट्यापासून सुरुवात करा, बेसच्या पट्ट्यापासून. बेस गुडघ्यापर्यंत लोंबला की डावं मनगट काटकोनात मोडतं आणि त्या अवस्थेत बोटं चालवणं म्हणजे दुखणं विकत घेणं. खुर्चीवर बसून बेस जिथे येतो तिथेच उभं राहिल्यावरही यायला पाहिजे, तेवढा पट्टा वर घ्या. स्टाइल जाते, मान्य. बेस चार-साडेचार किलोचा असू शकतो, त्यामुळे पट्टा रुंद घ्या, तीन-चार इंच.

दुसरं म्हणजे तुम्ही बहुतेक खालच्या फ्रेटवर चार फ्रेटला चार बोटं ताणून वाजवताय. नका वाजवू. डबल बेसवाले (उभा धरून वाजवायचा मोठा बेस) पिढ्यान्‌पिढ्या पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरतात, फ्रान्झ सिमांडलच्या पद्धतीत हेच शिकवतात, तिसरं बोट चौथ्याला नुसता आधार देतं. तीन फ्रेटची जागा धरायची आणि पुढचा सूर लागला तर पूर्ण हात सरकवायचा. पाचव्या-सातव्या फ्रेटच्या पुढे अंतरं कमी होतात, तिथे खुशाल एका फ्रेटला एक बोट.

आणि तिसरं, ज्यात सगळ्यांचाच हात दुखतो: ॲम्पचा आवाज कमी आणि बोटांचा जोर जास्त. उलटं करा. आवाज वाढवा, तार हळू ओढा. फ्रेटच्या मधोमध दाबलं तर जास्त जोर लागतो, फ्रेटच्या अगदी मागे दाबा. अंगठ्याने नेक आवळू नका, एखादं गाणं अंगठा पूर्ण सोडून वाजवून बघा, जमतं.

घरी माझा आवाज एक नंबर वाटतो, स्टेजवर गेलो की बेस गायब. ॲम्प 100 वॅटचा आहे, 300 चा घेऊ का? (कोल्हापूर)

थांबा जरा. घरी ॲम्पवर बेसची नॉब पण वाढवलेली आणि ट्रेबल पण वाढवलेला आणि मधलं मिड पूर्ण खाली, बरोबर ना? एकट्याला ऐकायला तो आवाज फार गोड लागतो. स्टेजवर खालची जागा किक ड्रम घेतो, वरची जागा झांजा आणि गिटार घेतात, आणि तुमची हक्काची मधली जागा तुम्हीच खाली करून दिलेली असते. मिड वर आणा, 250 पासून 800 हर्ट्झपर्यंतचा पट्टा, आणि बेसची नॉब मधोमध ठेवा. घरी ऐकाल तर थोडं नाकातलं वाटेल. वाटू दे.

41 हर्ट्झच्या सुराची एक लाट आठ मीटरपेक्षा लांब असते, त्यामुळे स्टेजवर एका जागी बेस घुमतो आणि दोन पावलं सरकलं की नाहीसा होतो, तुम्ही उभे आहात तिथे नाही म्हणजे पब्लिकमध्ये नाही असं नसतं. ॲम्प पायाशी ठेवला तर त्याचा सगळा स्पष्टपणा तुमच्या पोटऱ्यांना ऐकू जातो, तिरपा करा किंवा स्टूलवर ठेवा. 100 चे 200 वॅट केले तर फक्त 3 डेसिबल वाढतात, जेमतेम कळण्याइतके. एवढं करूनही कमी पडलं तर वॅटपेक्षा दुसरा स्पीकर कॅबिनेट जोडा, त्याने जास्त फरक पडतो.

कॅबिनेटवरून आठवलं म्हणून हेही पत्र इथेच घेतो: माझ्या हेडवर (स्पीकर नसलेला ॲम्प) मिनिमम 4 ओहम लिहिलंय, 4 ओहमचा एक कॅबिनेट आहे, अजून तसलाच एक मिळतोय. (सोलापूर)

नका घेऊ. 4 आणि 4 पॅरलल जोडले की 2 ओहम होतात, हेड तापेल आणि बंद पडेल किंवा जळेल. तुम्हाला दोन कॅबिनेट हवे असतील तर दोन्ही 8 ओहमचे, मिळून 4. आणि हेड ते कॅबिनेट स्पीकर केबलच लावा, गिटारची केबल दिसायला सारखी असली तरी आतून बारीक असते. हेड ट्यूबचं असेल तर कॅबिनेट न लावता चालू करायचंच नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

आमचा जुन्या हिंदी गाण्यांचा ग्रुप आहे, आर. डी. जास्त. माझ्या बेसचा आवाज फार चकचकीत येतो, त्या गाण्यांसारखा गोल, दबका येत नाही. कोणतं पेडल घेऊ? (गिरगाव)

पेडल नको. गाद्यावाल्याकडून फोमचा एक तुकडा आणा, ब्रिजच्या अगदी पुढे तारांच्या खाली दाबून बसवा, तारा उचलल्या जाणार नाहीत इतपतच. टोन नॉब निम्म्याच्या खाली. बोटं ब्रिजजवळ नाही, नेकच्या बाजूला आणा. एवढ्यानेच सत्तर टक्के काम होतं.

जुन्या फेंडर बेसवर ब्रिजच्या झाकणाखाली फोम कंपनीच लावून द्यायची. अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमर्सन तो फोम तसाच ठेवून, जाड फ्लॅटवाउंड (वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारांवर, उजव्या हाताच्या एका तर्जनीने वाजवायचा आणि तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही. लॉस एंजेलिसची कॅरल के प्लेक्ट्रमने वाजवायची आणि तारांवर फेल्ट लावायची. चकचकीत आवाजाच्या राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या) तारा रोटोसाउंड कंपनीने द हू बँडच्या जॉन एन्टविसलला बरोबर घेऊन 1966 मध्ये बनवल्या. आपल्याकडे पंचमदांच्या टीममध्ये बेसवर टोनी वाझ. त्यांचं वाजवणं ऐकताना सूर कुठे सुरू होतो याच्याइतकंच तो कुठे बंद होतो तिकडे कान द्या. दोन सुरांच्या मधली ती शांतता डाव्या हाताचं बोट किंचित सैल केल्याने येते, तार सोडायची नाही, नुसता दाब काढायचा. आणि उजवा अंगठा पिकअपवरच ठोकून ठेवू नका, बारीक तारेवर गेलात की तो जाड तारांवर सरकू दे म्हणजे त्या आपोआप गप्प राहतात. हे अंगात मुरायला दोन-तीन महिने लागतील, पण चकचकीतपणाच्या तक्रारीत अर्धा वाटा नको असताना वाजत राहिलेल्या तारांचा असतो.

मग फ्लॅटवाउंड घ्या. दुप्पट महाग पडतात पण वर्षानुवर्षं चालतात. ताण जास्त असतो, घातल्यावर रिलीफ परत मोजा, वर चिपळूणच्या उत्तरात लिहिलंय तसं.

जुन्या तारा उकळल्या की नव्या होतात हे खरं का? (छत्रपती संभाजीनगर)

काही दिवसांपुरत्या. राउंडवाउंड तारेच्या वेढ्यांमधे घाम आणि मळ साचतो तो उकळत्या पाण्यात सुटतो, दहा मिनिटं पुरे. पूर्ण कोरड्या करा नाहीतर गंजतील. काढघाल केल्याने तार खुंटीजवळ तुटायची शक्यता वाढते. स्वयंपाकाचं पातेलं वापरू नका. रोज वाजवून झाल्यावर कोरडं फडकं मारलं तर उकळायची वेळच उशिरा येते.

मी न्यू जर्सीला असतो, भाचा नागपूरला बेस शिकतोय. डिसेंबरमध्ये येताना इथून चांगला ॲम्प आणायचा विचार आहे, इथे स्वस्त मिळतो.

मामा, बेस आणा, ॲम्प नका आणू. तिकडची लाइट 120 व्होल्टची, नागपूरला 230. नुसता पिन बदलणारा ॲडॅप्टर लावून चालू केला तर पहिल्याच दिवशी धूर. मागच्या पॅनेलवर 100-240 असं छापलेलं असेल किंवा व्होल्टेज बदलायचा स्विच असेल तरच आणा, आणि स्विच असेल तर तो भाच्याच्या हातात द्यायच्या आधी 230 वर करा. नाहीतर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, तो ॲम्पइतकाच जड, आणि प्रोग्रॅमला नेताना कोणीतरी तो घरीच विसरतं आणि ॲम्प सरळ बोर्डाला लावतं. वॉरंटी पण इथे मिळेल याची खात्री नाही.

बेस आणताना हार्ड केसमध्ये आणा, तारा थोड्या सैल करा, पूर्ण काढू नका. केसमध्ये हेडस्टॉकखाली आणि दोन्ही बाजूंना कपडे कोंबा, तिथेच फटका बसतो. नागपूरला पोचल्यावर लगेच केस उघडू नका, तासभर खोलीत राहू दे. आणि महिनाभराने भाच्याला रिलीफ तपासायला सांगा, जर्सीच्या थंडीतून आलेलं लाकूड नागपुरात काय करेल ते दिसेलच.

ॲक्टिव बेस आहे, चालू प्रोग्रॅममध्ये आवाज फाटायला लागला आणि मग गेलाच. पिकअप जळाला का? (मडगाव)

बॅटरी संपली. ॲक्टिव बेसमध्ये 9 व्होल्टची बॅटरी असते आणि केबलचा जॅक आत असेपर्यंत ती खर्च होत राहते, वाजवा नाहीतर नका वाजवू. घरी गेल्यावर जॅक काढून ठेवायचा, बॅगेत एक नवीन बॅटरी आणि छोटा स्क्रूड्रायव्हर. काही बेसवर ॲक्टिव-पॅसिव स्विच असतो, तुमच्यावर असेल तर तेवढी गाणी पॅसिववर (बॅटरीशिवाय) काढता आली असती, बघून ठेवा.

पहिलं पेडल कोणतं घेऊ? (चार जणांनी विचारलंय)

ट्यूनर. पायाने दाबल्यावर आवाज बंद करणारा घ्या, म्हणजे गाण्यांच्या मधे सूर लावताना पब्लिकला ऐकावं लागत नाही. खालच्या ई तारेवर सुई नाचत बसली तर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक वाजवून लावा, तो ट्यूनरला पटकन कळतो. कॉम्प्रेसरबद्दल (लहानमोठा आवाज सारखा करणारं पेडल) पुढच्या अंकात लिहितो, तोपर्यंत घेऊ नका.